दुसऱ्या गुन्ह्याचे मोल

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम आपल्या संसदेने १९६० साली संमत केला. त्याच्या अकराव्या कलमात पंधरा प्रकारच्या कृत्यांची यादी आहे. जनावराला मारणे, लाथाडणे, शक्तीबाहेर ओझे लादणे, जखमी किंवा म्हातारे असताना जुंपणे, उपाशी-तहानलेले ठेवणे, अंगच्छेद करणे, हृदयात विष टोचून मारणे, ही सारी त्या यादीत एका ओळीत उभी आहेत. आणि या सर्वांना मिळून शिक्षा एकच आहे. पहिल्या गुन्ह्याला किमान दहा व कमाल पन्नास रुपये दंड. त्याच माणसाने तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला, तर किमान पंचवीस व कमाल शंभर रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९८२ साली या अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हाही संसदेला ही रक्कम पुरेशी वाटली. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे लोटली. पन्नासाचे एक्कावन्न झालेले नाहीत.

रुपयाची भाषा प्रस्तुत लेखकाच्या परिचयाची आहे, म्हणून आरंभ तिथूनच करतो. औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या साखळ्या १९६० पासून जोडीत आणल्या, तर तो निर्देशांक आज नव्वदपटीच्या पलीकडे गेलेला दिसतो. म्हणजे आजच्या पन्नास रुपयांची खरेदीशक्ती १९६० च्या आठ-नऊ आण्यांएवढी उरली आहे. संसदेने शिक्षा कमी करण्याचा ठराव कधी केला नाही. महागाईने तो परस्पर करून टाकला. ज्या काळात आपण खासदारांचे वेतन आणि भत्ते निर्देशांकाशी जोडून घेतले, त्याच काळात मुक्या जनावराच्या यातनेचे मोल मात्र जुन्या नाण्यात मोजत राहिलो.

परंतु दंड क्षुल्लक असण्याचा तोटा केवळ तो धाक घालीत नाही एवढाच नाही. क्षुल्लक दंड गुन्ह्याला परवान्याचे रूप देतो. इस्रायलमधील हैफा येथील दहा पाळणाघरांत झालेला एक प्रयोग अर्थशास्त्राच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. २००० साली नीझी व रुस्तिकिनी या दोघांनी त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांपैकी काही पाळणाघरांनी लहानसा दंड लावला. अपेक्षा अशी, की उशीर कमी होईल. झाले उलटे: उशिरा येणारे वाढले, आणि दंड काढून घेतल्यावरही ते पूर्ववत झाले नाहीत. दंड लागण्यापूर्वी उशिरा येणाऱ्याला शिक्षिकेपुढे ओशाळे वाटत होते. दंड भरल्यावर त्याला वाटू लागले की आपण उशीर विकत घेतला आहे. अकराव्या कलमाच्या पन्नास रुपयांचे नेमके हेच होते. ज्याच्या मनात लाज आहे त्याला या दंडाची गरज नाही, आणि ज्याने ती सोडली आहे त्याच्या हिशेबवहीत ही रक्कम पेंडीच्या आणि पत्रीच्या खर्चाखाली लिहिली जाते.

म्हणून खरा प्रश्न दुसऱ्या गुन्ह्याचा आहे. पहिल्या वेळी अज्ञान असू शकते, संतापाचा क्षण असू शकतो, अडचण असू शकते. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी ती एक रीत झालेली असते. कोणत्याही सुजाण दंडसंहितेने आपले बळ येथे एकवटावयास हवे. आपल्या कायद्याने ते बोलून दाखविले आहे, हे खरे. परंतु दुसरा गुन्हा हा दुसरा म्हणून सिद्ध होऊच नये, अशी व्यवस्थाही त्यानेच करून ठेविली आहे.

ती व्यवस्था पाहण्यासारखी आहे. अकराव्या कलमातील बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. अंगच्छेद किंवा निर्दय हत्या आणि प्राण्यांच्या झुंजी व नेमबाजी यांविषयीची अपवादात्मक पोटकलमे सोडली, तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसाला तपास करता येत नाही. छत्तिसाव्या कलमानुसार गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला पाहिजे, नाहीतर तो बाद. पहिल्या गुन्ह्याला केवळ दंडच असल्याने तो किरकोळ खटल्यात मोडतो; दंडाधिकाऱ्याने तशी मुभा दिल्यास आरोपीला गुन्हा कबूल असल्याचे पत्र आणि दंडाची रक्कम पाठवून, कोर्टाची पायरी न चढता, मोकळे होता येते. आणि दुसरा गुन्हा मोजायचा तो पहिल्यापासून तीन वर्षांच्या आतला. ज्या देशात खटल्याची तारीख पडण्यातच वर्षे जातात, तेथे पहिला दोषी ठरेपर्यंत तीन वर्षांची मुदत उलटून गेलेली असते. शिवाय हा माणूस पूर्वी दोषी ठरला होता हे न्यायालयाला सांगणार कोण? एका ठाण्याच्या हद्दीत दंड भरलेला मनुष्य शेजारच्या तालुक्यात पुन्हा पहिलटकर गुन्हेगार म्हणून उभा राहतो.

एकोणतिसावे कलम याहून विलक्षण आहे. वाचले तर ते अधिनियमातील सर्वांत शहाणे कलम वाटते. वारंवार क्रूरपणा करणाऱ्या मालकाकडून ते जनावर काढून घ्यावे, इतकेच नव्हे तर त्याला काही काळ किंवा कायमचे जनावर बाळगण्यास मनाई करावी, असा अधिकार ते न्यायालयाला देते. मग अटी येतात. पूर्वीची दोषसिद्धी किंवा त्या माणसाच्या स्वभावाविषयी पुरावा हवा. अशी मनाई मागणार असल्याचे फिर्यादीने फिर्यादीतच लिहिलेले हवे. आणि तिसरी अट अशी की तो गुन्हा जेथे ते जनावर पाळण्यास परवाना लागतो अशाच भागात घडलेला हवा. मुंबईसारख्या शहरात गुरे पाळण्यावर १९७६ च्या राज्य कायद्याचे नियंत्रण आहे, तेथे ही अट पुरी होऊ शकेल. परंतु आपल्या खेड्यापाड्यांत बैल पाळण्यास परवाना लागत नाही. म्हणजे महाराष्ट्रातील बहुसंख्य बैल ज्या भूमीवर राबतात, तेथे हे कलम लागूच होत नाही. आणि कुठे लागू झालेच, तर ती मनाई मोडण्याची शिक्षा काय? शंभर रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिने, किंवा दोन्ही. जो मनुष्य न्यायालयाचा हुकूम मोडून पुन्हा जनावराचा छळ करतो, त्याचेही मोल पुन्हा शंभराच्या नोटेत.

येथवर आमच्या पक्षातील कार्यकर्त्यांचे फारसे दुमत होणार नाही. दुमत पुढे आहे, आणि ते प्रामाणिक आहे, म्हणून त्याची दखल घेतली पाहिजे. शिक्षा वाढवा म्हटले की आपल्यातील जुना कार्यकर्ता विचारतो, ती कोणाच्या पाठीवर पडणार? हातगाडीवाल्यावर, घोडागाडीवाल्यावर, वीटभट्टीवर गाढवे हाकणाऱ्या वडारावर, उसाची गाडी ओढणाऱ्या बीडच्या गाडीवानावर. भूतदयेच्या चळवळी सुखवस्तू वस्तीत जन्मतात आणि त्यांना क्रौर्य नेहमी दुसऱ्याच वस्तीत दिसते, हा आक्षेप दोनशे वर्षांचा आहे. इंग्लंडमध्ये १८२२ साली रिचर्ड मार्टिनच्या प्रयत्नाने जनावरांच्या संरक्षणाचा पहिला कायदा झाला, तेव्हाही गाडीवान आणि खाटीक यांना पकडणारा कायदा उमरावांच्या शिकारीकडे पाहत नाही, अशी टीका होत होती. तिच्यात तथ्य होते. आपल्याकडेही १८७४ पासून मुंबईत या कामाची संस्था आहे, आणि रस्त्यावर अडविला जाणारा बहुधा गाडीवान असे, गाडीचा मालक नसे.

पण या आक्षेपावर उत्तर म्हणून शिक्षा आहे तशीच क्षुल्लक राहू द्यावी, असे म्हणणे म्हणजे गरिबाच्या नावावर त्याच्या मालकाला सूट देणे होय. हे विधान उसाच्या रस्त्यावर तपासून पाहू.

दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे कोयता आणि बैल घेऊन मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरते. अनेक ठिकाणी टायरगाडी कारखान्याची असते, तिचे भाडे त्यांच्या हिशेबातून कापले जाते. बैल मात्र त्यांचे स्वतःचे, पुष्कळदा उचलीच्याच पैशातून घेतलेले. मजुरी टनावर. जो टनावर राबतो त्याला गाडीत एक मोळी अधिक टाकण्याचा मोह होतो असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला ती टाकावीच लागते, कारण उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे बांधलेला. मग चढावर गाडी अडते, पराणी टोचली जाते, शेपूट पिरगाळली जाते, बैल गुडघ्यावर येतो. जुवाखाली सुजलेला खांदा तसाच पुन्हा जुवाखाली जातो. जाणारा-येणारा मोटारीतून हे पाहतो आणि गाडीवानाला शिव्या घालतो.

१९६५ साली केंद्र सरकारने ओझ्याच्या जनावरांविषयी नियम केले. त्यांप्रमाणे कोणत्याही जनावराला दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक जुंपता येत नाही, विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक नाही, आणि जेथे तपमान सदतीस अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन मुळीच नाही. गाडीच्या प्रकारानुसार आणि बैलाच्या आकारानुसार कमाल ओझेही ठरवून दिलेले आहे. वाचकांनी हा तपशील पुन्हा एकदा वाचावा. बैलाला कागदावर नऊ तासांचा दिवस १९६५ सालीच मिळाला. त्याच्या पाठीमागे पहाटेपासून फडात वाकलेल्या बाईला आणि रात्री-अपरात्री गाडी घेऊन निघणाऱ्या बाप्याला कोणता नियम मिळाला? म्हणून कोणी असे समजू नये की बैलाचे नऊ तास काढून घ्यावेत. जो हिशेब बैलाकडून तेरा तास काढतो, तोच माणसाकडूनही काढतो. दोन्ही एकाच टनाच्या दरात बसविलेले आहेत. बैलाचे नऊ तास खरोखर पाळायला लावले, तर त्या गाडीमागच्या माणसाचे तासही आपोआप मोजले जातील. कामगार चळवळीला इतका सोयीस्कर मित्र क्वचितच मिळतो, आणि आपण त्याकडे भूतदया म्हणून पाठ फिरवितो.

आता या साखळीत वारंवार गुन्हा करणारा कोण, हे पाहावे. कायद्याला तो बैलाचा मालक दिसतो, म्हणजे गाडीवानच. टनाचा दर ठरविणारा, उचल देणारा, गाडी भाड्याने देणारा कायद्याच्या दृष्टीने ना मालक आहे ना हाकणारा. म्हणून तो तेथे नाहीच. आणि जेथे मालक आणि हाकणारा वेगळे असतात, वीटभट्ट्यांवर, वाळूच्या वाहतुकीत, तबेल्यांत, तेथे अकराव्या कलमाचा दुसरा भाग मालकाच्या मदतीला धावून येतो. मालकाने योग्य ती देखरेख ठेवली नाही तर त्यानेही गुन्हा केला असे मानावे, असे त्यात म्हटले आहे. ही अर्धी ओळ उत्तम आहे. उरलेली अर्धी अशी, की केवळ देखरेखीतील कसुरीबद्दल दोषी ठरलेल्या मालकाला दंड भरण्याचा पर्याय दिल्याशिवाय कैदेची शिक्षा देता येणार नाही. नोकराने दुसऱ्यांदा गुन्हा केला तर त्याला तीन महिने. मालकाच्या दहा नोकरांनी दहा वेळा केला तरी मालकाला पाकीट उघडण्याची मुभा. वर्गीय न्यायाचा इतका उघड नमुना दंडविधानात शोधूनही सापडणार नाही. हा परंतुक काढून टाकणे, आणि ज्याच्या ठरावानुसार व ज्याच्या फायद्यासाठी जनावर कामाला लावले गेले त्या प्रत्येकाच्या खात्यावर गुन्हा मोजणे, ही आमच्या मते सुधारणेची पहिली पायरी आहे. दंडाची रक्कम वाढविणे ही दुसरी.

तबेल्यांचा उल्लेख आला, म्हणून एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. म्हशीच्या जननेंद्रियात हवा फुंकून पान्हा काढण्याच्या फुंका नावाच्या किळसवाण्या पद्धतीला आणि दूध वाढविण्यासाठी अपायकारक सुया टोचण्याला बारावे कलम लागते. तेथे शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, आणि जनावर सरकारजमा. गुन्हा दखलपात्र. म्हणजे १९६० च्या विधिकर्त्यांना खरी शिक्षा कशी असते हे ठाऊक होते. फुंक्यात दुधाचा ग्राहकही गुंतलेला होता. बैलाच्या खांद्यात कोणताच ग्राहक गुंतलेला नव्हता.

केवळ मौजेखातर होणारे क्रौर्य मात्र निराळे. गल्लीतल्या कुत्र्याला जाळणारा, मांजरीची पिले आपटणारा, त्याचे चित्रण करून मित्रांना दाखविणारा, यात कोणाचे पोट नाही आणि कोणता मुकादम नाही. येथे आमच्या मनात संदेह नाही: दुसऱ्या वेळी तुरुंग, आणि जनावर बाळगण्यास मनाई. इंग्लंडने २०२१ च्या कायद्याने अशा गुन्ह्यांची कमाल कैद सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर नेली. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाने कोणत्याही प्राण्याला ठार मारणे वा लुळे-पांगळे करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद ठेविली आहे, आणि जुन्या दंडसंहितेतील दहा रुपये किमतीचे जनावर, पन्नास रुपये किमतीचे जनावर ही लाजिरवाणी वर्गवारी काढून टाकली, हे स्वागतार्ह. पण हे कलम आजही मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या प्रकरणात, आगळीक या सदराखाली आहे. आगळीक म्हणजे कोणाचे तरी नुकसान करण्याचा हेतू. स्वतःच्याच जनावराला मरेस्तोवर राबविणाऱ्याला ते सामान्यतः लागत नाही. जनावर दुसऱ्याचे असेल तर ते मालमत्ता म्हणून वाचते. स्वतःचे असेल तर पन्नास रुपये.

महाराष्ट्रात या विसंगतीला आणखी एक कळस आहे. २०१५ साली अंमलात आलेल्या राज्याच्या कायद्यानुसार बैलाची कत्तल केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. २०१७ साली आपल्या विधिमंडळाने बैलगाडा शर्यतींना वाट करून देण्यासाठी केंद्राच्या १९६० च्या अधिनियमाला राज्यापुरती दुरुस्ती केली. त्यात शर्यतीच्या अटी मोडून बैलाला यातना देणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास ठेविला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी ती दुरुस्ती वैध ठरविली. तेव्हा आज एकाच बैलाचे तीन भाव आहेत. कत्तलखान्यात पाच वर्षे, शर्यतीच्या घाटात पाच लाख, आणि कारखान्याच्या रस्त्यावर पन्नास रुपये. पहिल्या भावामागे धर्मकारण आहे, दुसऱ्यामागे सर्वोच्च न्यायालयाची धास्ती आणि गावोगावची मते आहेत. तिसऱ्या भावाच्या बैलामागे कोणीच नाही.

परंतु २०१७ च्या त्या दुरुस्तीने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत, सतराव्या क्रमांकावर आहे. राज्याला केंद्रीय अधिनियमात बदल करता येतो, राष्ट्रपतींची संमती आणता येते, ती टिकवता येते. जे शर्यतीसाठी करता आले ते शिक्षेसाठी करता येणार नाही, असे मुंबईत बसलेल्या कोणत्याही सरकारला यापुढे म्हणता येणार नाही. दिल्लीकडे बोट दाखविण्याचीही सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या नागराज खटल्याच्या निकालात, अकराव्या कलमाच्या भंगाबद्दल पुरेशा शिक्षेची तरतूद संसद करील अशी अपेक्षा व्यक्त केली होती. केंद्राच्या पशुसंवर्धन मंत्रालयाने २०२२ च्या नोव्हेंबरात एक मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्यात भीषण क्रौर्य असा नवा गुन्हा होता, दंड पन्नास हजारांपासून आणि कैद तीन वर्षांपर्यंत. त्या मसुद्याचा कायदा झालेला नाही.

शिक्षा कडक करण्यातील एक धोका आपण डोळ्यांआड करू नये. गुरांच्या वाहतुकीच्या नावाखाली गाड्या अडवून माणसांना मारहाण करणारी टोळकी या राज्याने पाहिली आहेत, आणि त्यांच्या तोंडी हाच क्रौर्यप्रतिबंधक अधिनियम असतो. कायदा कडक झाला की त्यांच्या हातात आणखी एक काठी येईल, ही भीती मुसलमान कुरेशी आणि दलित गुरेव्यापारी यांना वाटली तर ती अनाठायी नाही. यावर उपाय कायदा कमजोर ठेवणे हा नाही. अशा टोळक्यांना कमजोर कायद्याची कधी अडचण झालेली नाही, त्यांचे काम रस्त्यावरच उरकते. अडवण्याचा, जप्तीचा आणि खटला भरण्याचा अधिकार केवळ नेमलेल्या सरकारी पशुवैद्याला व पोलिसाला असावा, खाजगी माणसाने गाडी अडवली तर तो स्वतंत्र दखलपात्र गुन्हा ठरावा, आणि क्रौर्याचा निष्कर्ष वैद्यकीय दाखल्यावरच काढला जावा, हे त्याच दुरुस्तीत लिहिता येते. ते लिहिले नाही तर आम्ही त्या दुरुस्तीला विरोध करू.

राहिला प्रश्न दंडाच्या आकाराचा. पन्नासाचे पन्नास हजार केले की कार्यभाग उरकतो, असे वर्तमानपत्रांतील पत्रलेखकांना वाटते. गाडीवानाला पन्नास हजार म्हणजे एका हंगामाच्या उचलीचा मोठा हिस्सा. तो दंड त्याला पुन्हा मुकादमाकडूनच उचलावा लागेल, आणि मग बैलावरचे ओझे आणखी वाढेल. तीच रक्कम कारखान्याला एका दिवसाच्या मळीएवढीही नाही. फिनलंडने १९२१ पासून दंड माणसाच्या दैनिक उत्पन्नावर मोजण्याची पद्धत स्वीकारली आहे: गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार दिवस ठरतात, दिवसाचे पैसे माणसाच्या मिळकतीवरून. हे आपल्याकडे अशक्य नाही. निदान जेथे आरोपी एखादी कंपनी, कारखाना किंवा ठेकेदार असेल तेथे उलाढालीवर दंड बसविता येईल, आणि दर पुनरावृत्तीला तो वाढत जाईल. तीन वर्षांची मुदत जाऊन तिच्या जागी दहा वर्षे यावीत. दोषसिद्धीची राज्यभर एकच नोंदवही असावी. वाहनचालकाच्या परवान्याची नोंद जर एका ठिकाणी पाहता येते, तर याची का नाही?

आणि गरीब गाडीवानाच्या पहिल्या गुन्ह्याला दंड नको, उपचार हवा: जखमी बैल सरकारी दवाखान्यात, आणि बैल बरा होईपर्यंत गाडीवानाला बुडालेल्या रोजाची भरपाई. हे स्वप्नरंजन नाही. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरविल्या, तेव्हा वर्षभराची मुदत देऊन चालकांच्या पुनर्वसनाची योजना करण्यास सरकारला फर्माविले होते. त्या योजनेची अंमलबजावणी कशी रखडली हा वेगळा लेखाचा विषय. पण घोडा आणि घोडेवाला या दोघांचा विचार एका आदेशात करता येतो, एवढे तरी त्या निकालाने दाखविले. शिक्षेची जरब तिच्या कठोरपणापेक्षा ती निश्चित मिळण्यात असते, असे बेकारियाने १७६४ सालीच प्रतिपादन केले होते. तेव्हा पाच वर्षे कैद लिहून ती कोणालाच न मिळण्यापेक्षा सहा महिने लिहावेत, आणि ते मालकाला चुकविता येऊ नयेत.

निश्चितीचा मुद्दा निघाला की पुराव्याचा प्रश्न येतो, आणि येथे साखर कारखान्यांनी नकळत मोठी सोय करून ठेवली आहे. फडातून आलेली प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर भरलेली तोलली जाते आणि रिकामी झाल्यावर पुन्हा तोलली जाते. गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि वजन यांची पावती निघते, आणि तिची नोंद कारखान्याच्या दप्तरात राहते. १९६५ च्या नियमांतील कमाल ओझ्याचा तक्ता शेजारी ठेवला, तर कोणत्या गाडीवर कोणत्या दिवशी किती जादा भार होता, तो कितव्यांदा होता, आणि तो कारखान्याने किती वेळा मुकाट्याने स्वीकारला, हे एका दुपारी काढता येईल. इतक्या बारकाईने नोंदलेला पुनरावृत्त गुन्हा राज्यात दुसरा नसेल. विधिमंडळाचे नागपूर अधिवेशन भरते तेव्हा हंगाम ऐन भरात असतो. आपल्या आमदारांनी त्या अधिवेशनात एवढा एकच प्रश्न लेखी विचारावा, की गेल्या तीन हंगामांत कोणत्या कारखान्यांनी मर्यादेपेक्षा अधिक भाराच्या किती बैलगाड्या काट्यावर घेतल्या. आणि तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी माहितीचा अधिकार वापरून साखर आयुक्तालयाकडे व जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाकडे हीच माहिती आतापासून मागावी. सहकारी कारखान्यांच्या सभासद शेतकऱ्यांनी वार्षिक सभेत ती मागितली तर उत्तमच. त्या सभेच्या व्यासपीठावर आपल्याही ओळखीचे काही अध्यक्ष बसलेले असतात, त्यांनाही हा प्रश्न विचारायचा आहे.